लिथियम, लॅमोट्रिजिन आणि नागपूरचा मे महिना: सोळा महिन्यांनंतर

आधी आत्ता काय चालू आहे ते सांगते, कारण असे अनुभव वाचताना मी स्वतः तेच आधी शोधायची. रात्री जेवणानंतर मूड आवरायला लिथियम ६०० मिलिग्रॅम आणि लॅमोट्रिजिन २००. झोपताना क्वेटियापिन ५०. हाताच्या थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉल, तेही रोज नाही, आरीचं बारीक भरतकाम असेल त्या दिवशी. आजाराचं नाव बायपोलर टाइप टू, म्हणजे मूड काही काळ फार चढतो, काही काळ फार उतरतो; सोबत एंग्झायटी, म्हणजे घबराट. ही माझी चिठ्ठी आहे. तुमच्या चिठ्ठीत दुसरं काही असेल तर हे बदलून मागायला जाऊ नका.

मी नंदनवनला घरीच ब्लाउज शिवते. पुढची खोली दुकान, मागे संसार. हे सांगायचं कारण असं की माझा आजार डॉक्टरांच्या आधी माझ्या ऑर्डरच्या वहीत दिसत होता, फक्त वाचायला कोणी नव्हतं.

२०२२ च्या पावसाळ्यात धडधड सुरू झाली. सक्करदऱ्याच्या पुलावर गाडी चढली की श्वास कोंडायचा, हात थंड पडायचे. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. एका फिजिशियननी एस्सिटालोप्रॅम (डिप्रेशन-घबराटीची गोळी) आणि क्लोनाझेपाम (शांत करणारी गोळी) दिलं. तीन आठवड्यांत जादू झाली. धडधड गेली, आणि तिच्या जागी भलतंच काही आलं. दिवाळीच्या तोंडावर मी ६२ ब्लाउज घेतले. दरवर्षी पंचवीस-तीस घेते. रात्री तीनला कात्री हातात, पहाटे पाचला अंगणात रांगोळी, मध्ये झोप दोन तासांची, आणि थकवा म्हणाल तर नावाला नाही. हप्त्यावर एम्ब्रॉयडरीचं मशीन घेतलं. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काहून वं, झोपत काहून नाही तू?" मला वाटायचं, म्हातारीला माझी प्रगती बघवत नाही.

६२ पैकी ४१ झाले. बाकीचे एकवीस अस्तर कापून तसेच पिशव्यांत पडले, आणि डिसेंबरात मी पण तशीच पडले. लग्नसराई सुरू, फोन वाजतोय, "ताई, माझ्या पोरीची हळद परवा आहे नं जी," आणि मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून. फिजिशियनना सांगितलं उदास वाटतं. त्यांनी एस्सिटालोप्रॅमचा डोस वाढवला. यात त्यांचा दोष किती आणि माझा किती हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी त्यांना फक्त वाईट दिवस सांगत होते. दिवाळीचा महिना तर माझ्या हिशेबी आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना होता, तो कोण तक्रार म्हणून सांगेल?

मार्च २०२३ मध्ये नवऱ्यानं धंतोलीतल्या एका सायकिअॅट्रिस्टकडे नेलं. सासूबाई घाबरल्या होत्या. नागपुरात मानसिक म्हटलं की लोकांना एकच जागा आठवते, सरकारी मनोरुग्णालय; ऑटोवाले आजही त्या चौकाला पागलखाना चौकच म्हणतात. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "यांचे फारच छान गेलेले दिवस कोणते?" नवरा खिशातून मोबाइल काढून मशीनच्या हप्त्याचे मेसेज दाखवायला लागला. मला इतका राग आला. घरी येईपर्यंत बोलले नाही. पण निदान तिथे झालं. बायपोलरमध्ये मूड आवरणारं औषध नसताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांत गाडी उलट्या बाजूनं सुसाट सुटते, हे मला तेव्हा कळलं.

क्वेटियापिनबद्दल थोडक्यात. एस्सिटालोप्रॅम हळूहळू बंद करून हे ३०० पर्यंत नेलं. झोप लागली, धडधड कमी झाली. पण सकाळी दहापर्यंत डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं, आणि आठ महिन्यांत नऊ किलो वजन. मीच माझ्या ब्लाउजांच्या शिवणी सोडत बसले. शुगर काठावर आली तेव्हा डॉक्टरच म्हणाले, बदलू. व्हॅलप्रोएट या मूड आवरणाऱ्या दुसऱ्या औषधाचा विषय निघाला, पण माझं वय तेव्हा ३२, दुसऱ्या मुलाचं नक्की नाही. गरोदरपणात त्यानं बाळाला धोका असतो, म्हणून ते त्यांनी बाजूला ठेवलं. डिसेंबर २०२३ मध्ये लिथियम सुरू झालं.

लिथियमबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे. माझ्याही होती, बॅटरीत असतं ना ते. डॉक्टर म्हणाले, जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९४९ मध्ये उन्मादावर याचा उपयोग दाखवला, तेव्हापासून वापरात आहे. माझ्या चारही औषधांत स्वस्तही हेच. खर्च होतो तो तपासण्यांवर. लेव्हल (रक्तात लिथियम किती आहे ते), किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइड, आलटून पालटून चालूच.

लेव्हलचं एक नीट सांगते, कारण माझी पहिली फुकट गेली. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. तेव्हा मी सकाळ-रात्र अशी विभागून घेत होते. सकाळची गोळी घेतली, पोहे खाल्ले आणि मग लॅबमध्ये गेले. आकडा चढा आला, दोन दिवस घरात सुतक. परत नीट वेळ पाळून दिलं तर ०.७. माझ्यासाठी डॉक्टरांना ०.६ ते ०.८ हवं होतं. काहींना १.० पर्यंत ठेवतात म्हणे.

दुसऱ्या महिन्यात मला जे जाणवलं ते सांगायला शब्द सापडत नाही. आनंद नव्हता तो. समजा घरात कुठेतरी मिक्सर सतत चालू होता आणि कोणीतरी बंद केला. गिऱ्हाईक माप देताना बोलत असतं ते मला पूर्ण ऐकू यायला लागलं. एक बाई म्हणाली, "ताई, तुम्ही या वेळी मध्येच तोडलं नाही मला."

त्रासही मोजून सांगते. तहान: रात्री दोनदा उठून पाणी. तोंडाला धातूची चव, ती दीड महिन्यात गेली. आणि थरथर. आरी वर्कमध्ये सुई कापडाच्या वरून आत घालायची, खालून दुसऱ्या हातानं दोरा अडकवायचा आणि वर ओढायचा. टाका गव्हाच्या दाण्याहून लहान. पहिल्या दिवशी मोराच्या मानेवर सलग चार टाके घसरले. पाहुण्यांना चहा देताना बशी वाजायची ते चालून गेलं असतं, हे नाही. प्रोप्रॅनोलॉलनं निम्म्याहून जास्त फरक पडला, धडधडीलाही उपयोग झाला. दमा असेल तर ते चालत नाही, डॉक्टरांनी देण्याआधी दोनदा विचारलं होतं.

आता मे २०२४. हा सगळा अनुभव लिहायला घेतला तो खरं तर या एका आठवड्यासाठी.

कूलरचा पंप बंद पडला होता आणि मेकॅनिक रोज उद्या म्हणत होता. पारा ४५ च्या आसपास. लग्नाची कामं म्हणून मी दुपारी बाराला इतवारीत गोटा-लेस घ्यायला गेले, तीन तास फिरले, पाणी एक बाटली. मशीनवर वाकून पाठ धरली होती म्हणून मेडिकलमधून (दुकान म्हणतेय, नागपुरात मेडिकल म्हटलं की लोकांना हॉस्पिटल वाटतं) दुखण्याची गोळी घेतली, आणि चार दिवस घेत राहिले. विचारलं कोणालाच नाही. पाठदुखीची गोळी, त्यात काय विचारायचं? त्याच महिन्यात सासऱ्यांचं बीपी वाढलं म्हणून सासूबाईंनी घराचं मीठ निम्मं केलं होतं, लोणचं-पापडही बंद.

पाचव्या दिवशी मळमळ, जुलाब. ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस पायांना चोळला. संध्याकाळी हात थरथरायला लागले, पण ते नेहमीसारखे बारीक नाहीत, मोठे हेलकावे. दोरा सोडा, पेला धरता येईना. न्हाणीकडे जाताना भिंत धरावी लागली. लेकीला हाक मारली ती माझ्याच कानाला दारू प्यायल्यासारखी वाटली. नवऱ्यानं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी देऊ नका, सरळ दवाखान्यात. लेव्हल १.६. दोन रात्री सलाइन.

तिथे डॉक्टरांनी जे समजावलं ते आधीच्या सहा महिन्यांत मला कळलंच नव्हतं. कदाचित सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. लिथियम हे क्षारासारखंच, किडनी त्याला मिठाचा भाऊ समजते. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवायला बघते आणि त्याच्यासोबत लिथियमही आत ठेवून घेते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी ते बाहेर पडणं आणखी कमी होतं. म्हणजे डोस तोच, पण रक्तात साठत गेलं. मी तीनही गोष्टी एकाच आठवड्यात केल्या होत्या. सासूबाई बाजूला उभ्या होत्या, हळूच म्हणाल्या, "मिठानं एवढं होते का जी डॉक्टर?" घरी आल्यावर माझी भाजी वेगळ्या भांड्यात व्हायला लागली. त्या दिवसापासून माझ्या गोळ्यांची सगळ्यात कडक राखणदार तीच बाई आहे, सकाळी पहिलं विचारते, "रात्रीची घेतली का वं?"

त्या नंतर डोस ६०० वर आला आणि काही नियम ठरले. दुखलं तर पॅरासिटामॉल, बाकी काहीही फोन करून. जुलाब-उलट्या, ताप झाला तर गोळी घेण्याआधी फोन. मीठ अचानक कमी नाही, अचानक जास्तही नाही, कारण जास्त मिठानं उलटं होतं, लेव्हल पडते. दुपारी इतवारी बंद. पाकिटात चिठ्ठी, तिच्यावर औषधांची नावं. बीपीच्या काही गोळ्यांशीही याचं जमत नाही, म्हणून कुठल्याही डॉक्टरला, अगदी दुखण्याची गोळी देणाऱ्या दाताच्या डॉक्टरलाही, ती चिठ्ठी दाखवते.

सहाशेवर चढते दिवस परत आले नाहीत, पण उतरते आले. तेव्हा जुलैत लॅमोट्रिजिन जोडलं. हे औषध संयमाची परीक्षा बघतं: दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, मग १००, मग २००. घाई केली तर अंगावर जीवघेणी पुरळ येऊ शकते, म्हणून ही पायरी-पायरी. ५० वर असताना माझ्या मानेवर आणि पाठीवर लाल दाणे आले. रात्रभर झोपले नाही. दोन वाजता नवऱ्यानं १४४१६ लावला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालू. पलीकडची ताई मराठीत बोलली, ताप आहे का, तोंडात फोड आहेत का, डोळे लाल आहेत का ते विचारलं, पुढची गोळी डॉक्टरांना दाखवूनच घ्या म्हणाली, आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत बोलत राहिली. सकाळी डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. घामोळं. जुलैतला दमट नागपूर, दुसरं काय. पण ते म्हणाले, आलात ते बरोबर केलंत, हे घरी ठरवायचं नसतं.

आणखी एक, बायकांसाठी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी खाली येते. माझ्या गायनॅकला आणि सायकिअॅट्रिस्टला एकमेकांची चिठ्ठी मीच दाखवली, म्हणून ते पकडलं गेलं.

क्लोनाझेपाम सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, सात महिने. ब्लेडनं गोळीचे चार तुकडे करून, पाव तुकडा कमी, तीन आठवडे थांब, पुन्हा पाव. एकदा मीच शहाणपणा करून एकदम बंद केली तर तीन रात्री भिंतीतून आवाज येतोय असं वाटत होतं. ती गोळी आधी घेतली नसती तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

काय सुधारलं नाही तेही लिहिते. वजन नऊपैकी पाच किलो उतरलं, चार तिथेच आहे. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच थोडा वर गेला आहे, दर तीन महिन्यांनी बघतात, अजून थायरॉइडची गोळी नाही. पुलावर अजूनही डावीकडून सावकाश जाते, पण जाते. आणि नक्षी सुचायचा तो रात्री तीनचा झरा आटला. पूर्वी डोळे मिटले की मोर, वेली, कमळं आपोआप यायची. आता पेन्सिल घेऊन बसावं लागतं, खोडरबर लागतं. नवरा म्हणतो आधीपेक्षा काम सुबक दिसतं. मला तसं वाटत नाही, पण उलटून एकही ब्लाउज आलेला नाही हेही खरं.

ऑर्डरच्या वहीत मी आता समासात रोज दोन आकडे लिहिते: झोप किती तास आणि ब्लाउज किती घेतले. झोप पाचच्या खाली सलग तीन दिवस गेली की नवऱ्याला डॉक्टरांना फोन करायची मुभा आहे, मला न विचारता. हे मी स्वतः लिहून दिलंय, भांडण नको म्हणून. गेल्या दिवाळीत २८ घेतले, २८ दिले. एकोणतिसावी बाई दारातून परत पाठवली, ती अजून रुसलेली आहे.

पुढची लेव्हल मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत. कूलरचा पंप मार्चमध्येच बदलून घेतला.