अकरा गुंठ्यांतला दीड गुंठा

आम्हाला दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता. हे आधीच सांगते, कारण आमची हकीकत ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, "अहो, कागद बघितले नव्हते का?" बघितले होते. सातबारा खरा होता, विकणाऱ्याचं नाव त्यावर होतं, दस्त दुय्यम निबंधकांसमोर रीतसर नोंदवलेला होता, मुद्रांक शुल्क भरलेलं होतं. खोटा होता तो फक्त प्लॉट.

दिवे घाट चढून सासवडकडे गेलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोर्ड दिसतात. 'बंगलो प्लॉट', 'विमानतळापासून दहा मिनिटं', 'सुलभ हप्ते'. पुरंदरला विमानतळ होणार हे 2016 पासून ऐकतोय. त्यासाठी वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही सात गावं ठरली आहेत. पण बोर्ड लावणाऱ्यांच्या हिशेबात अख्खा तालुकाच विमानतळापासून दहा मिनिटांवर येतो. हडपसरहून रविवारी फुकट गाडी, वर मिसळ, आणि माळावर चुन्याच्या रेघा मारून ठेवलेल्या. एजंट आमच्यासोबत फिरत होता. "वहिनी, हा कॉर्नरचा आहे, उद्या राहणार नाही. आज टोकन टाका, दसऱ्याला रेट वाढतोय." ऑफिसच्या भिंतीवर रंगीत नकाशा होता. त्यात वीस फुटी रस्ता, बाग, मंदिराची जागा आणि आमचा प्लॉट नंबर चौदा, दीड गुंठा.

आता यातली गोम. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे मनाला येतील तसे तुकडे करून विकता येत नाहीत, त्याला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने मर्यादा खाली आणली, तरी बागायतीला किमान दहा आणि जिरायतीला वीस गुंठे लागतात. दीड गुंठ्याचं खरेदीखत शेती झोनमध्ये होणारच नाही. मग हे लोक काय करतात, तर एकमेकांना कधी न भेटलेली सात-आठ कुटुंबं गोळा करतात आणि सगळ्यांच्या नावे अकरा गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत करतात. आमच्या खरेदीखतात कुठेही प्लॉट नंबर चौदा नाही, वीस फुटी रस्ता नाही, बाग नाही. आम्ही सात खरेदीदारांनी मिळून शेती करण्यासाठी जमीन घेतली, एवढंच त्यात आहे. त्या सातांत दोन आयटीवाले, एक रिक्षाचालक, एक शाळेतल्या बाई आणि आम्ही. दस्ताच्या दिवशी बाकावर बसून पहिल्यांदा नावं विचारली एकमेकांची.

ही युक्ती किती ठिकाणी कामाला येते ते बघा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते, फ्लॅटसारखीच. पण कागदावर हा माणूस प्लॉट विकतच नाही, जमिनीतला अविभक्त हिस्सा विकतो. म्हणून रेरा नाही. अकृषिक परवानगीही नाही, कारण कागदावर तिथे शेतीच चाललीय. मंजूर रेखांकन कशाला लागेल, शेताला कुठे रेखांकन असतं? जाहिरातीत मात्र 'एनए होणार', म्हणजे अकृषिक होणार, असं असतं. आम्ही विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, "प्रोसेसला टाकलंय." कुठल्या कार्यालयात, कुठल्या क्रमांकाने, हे विचारल्यावर त्याला नेमका दुसरा फोन आला.

शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, हा कुळकायद्यातल्या कलम 63 चा नियम. माझ्या सासऱ्यांची माणमध्ये जमीन आहे, त्यामुळे आमचा प्रश्न सुटला. आमच्यातल्या एकाचा तसा काही संबंध नव्हता. त्याला एजंटनेच पैसे घेऊन शेतकरी दाखला आणून दिला. तो दाखला कुठल्या गावचा हे त्याला आजही धड सांगता येत नाही, आणि तपास त्या दिशेला गेला तर आपलं काय होणार या धाकाने तो तक्रारीवर सही करत नाही. माझ्या मते ही व्यवस्थाच आहे. गटात एक जण असा ठेवायचा की जो कधी तोंड उघडणार नाही.

पैशाचं सांगते, कारण यावरून पुढे सगळं अडलंय. भाव सहा लाख गुंठा, म्हणजे आमचे नऊ लाख. मागणी रोखीची होती. यांनी ठाम नकार दिला. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे यांना माहीत होतं. मग दोन चेक मागितले. एक जमीनमालकाच्या नावे, सरकारी दराइतका. दुसरा 'डेव्हलपमेंट चार्जेस' म्हणून, एजंटच्या बायकोच्या खात्यावर. आज खरेदीखत वाचलं तर आम्ही जमीनमालकाला सव्वातीन लाख दिलेत. उरलेले पावणेसहा लाख कशाचे? पावतीवर लिहिलंय 'कंपाउंड, रस्ता, लाईट'. व्यवहार रद्द झाला तरी मालक म्हणणार, मला सव्वातीनच मिळाले, आणि एजंटची बायको म्हणणार, मी तर काम केलं. काम म्हणजे चार सिमेंटचे खांब.

फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर आमची नावं लावायची नोंद, अडकला तेव्हा हे सगळं उघड झालं. नोंदवलेल्या दस्ताची वर्दी आपोआप तलाठ्याकडे जाते, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नोटिसा निघतात, पंधरा दिवसांत हरकत नाही आली तर नोंद मंजूर होते. आमच्या नोंदीवर दोन हरकती आल्या. पहिली मालकाच्या बहिणींची. वडील वारल्यावर वारसनोंदीत फक्त दोन भावांची नावं लावली होती, बहिणी गायब. 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि त्या दोघींनी हक्कसोड केलेली नाही. आम्हाला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या घासातलाच घास आम्हाला विकला गेला होता.

दुसरी हरकत भावाची. नकाशातला वीस फुटी रस्ता जायचा तो त्याच्या वाट्यातून. पाऊस झाल्यावर आम्ही बघायला गेलो तर रस्त्यावर वाटाणा उभा होता, चांगला फुलावर आलेला. तो म्हणाला, "ताई, माझ्या रानातनं रस्ता काढायला मला कुणी इचारलंच न्हाई." त्याचं काय चुकलं?

सगळ्यात वाईट गोष्ट माझी मीच शोधून काढली, घरी बसून. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि गट नंबर टाकला की त्या गटावर झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे प्रत्येक दस्ताचा गोषवारा, दिसते. मी आमचा गट टाकला आणि वर्षावर्षाचे दस्त उतरवून घेतले. सातबाऱ्यावर मालकाच्या वाट्याला 27 आर होते. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ गुंठ्याएवढाच, किंचित लहान. त्याच्यावर आमच्याआधी अकरा-अकरा गुंठ्यांचे दोन दस्त झालेले. तिसरा आमचा. बेरीज तेहेतीस. म्हणजे सहा-एक गुंठे जमीन अस्तित्वातच नाही, आणि ती सातांपैकी नेमकी कुणाच्या वाट्याची नाही हेही कुणाला सांगता येणार नाही, कारण हिस्सा अविभक्त आहे! सातबारा हातात असताना हे कळलं नाही, कारण आधीच्या दोन दस्तांचे फेरफार तेव्हा मंजूर व्हायचे होते. मूळ नाव आणि मूळ क्षेत्र तसंच दिसत होतं. डिजिटल सातबाऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' अशी एक ओळ असते. आम्हाला दिलेली झेरॉक्स त्या ओळीच्या आधीच संपत होती.

म्हणून सातबारा समोरच्याकडून घेऊ नका. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. तो व्यवहाराच्या दिवशी सकाळी काढा, आठवड्यापूर्वीचा चालवून घेऊ नका. त्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक एकेक करून वाचा, विशेषतः वारसाचा, आणि घरात बहिणी किती हे गावात जाऊन विचारा. वकील आपला आपण करा. आमचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा शोध, 'साईटच्या वकिलांनी' तयार ठेवला होता, मागच्या तीस वर्षांचा, छान स्पायरल बांधून. रस्त्यासाठी नकाशावर विसंबू नका. भूमी अभिलेख खात्याची मोजणी झाली असेल तर तिची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, असते, ती मागा. नसेल तर चुन्याच्या रेघेला काही किंमत नाही.

घरच्यांनी सुचवलं, जाऊ दे, आपापसांत वाटणी करून घ्या. तीही होत नाही. तुकडेबंदीचा कायदा विक्रीला आहे तसाच वाटपालाही आहे. आता एजंट लोक सांगत फिरतात की 2025 मध्ये तुकडेबंदी उठली. उठली ती शहरी हद्दीतल्या आणि आराखड्यात रहिवासी वगैरे वापराला दाखवलेल्या जमिनींपुरती. शेती झोनमधल्या माळाला तिचा उपयोग नाही. आपला गट कुठल्या झोनमध्ये आहे हे झोन दाखल्यावर कळतं, एजंटच्या तोंडून नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये, हे जाता जाता. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून चक्क महारेराचे नंबर मिळवले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तिथल्या लोकांकडे रेरा नंबर होता, बँकेचं कर्जही होतं. बांधकाम परवानगीचा क्रमांक स्वतः महापालिकेत जाऊन पडताळून बघायचा राहिला होता. पण तो कोण बघतो? बँकेनेही नाही बघितला.

पोलिसांत गेलो. "हा दिवाणी मामला आहे" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवून जा. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सूची दोनच्या तिन्ही नकला, सातबारा आणि क्षेत्राची बेरीज एका कागदावर मांडून नेली. असलेल्यापेक्षा जास्त जमीन विकली, हे एका नजरेत दिसलं तेव्हा कुठे अर्ज दाखल झाला. दिवाणी दावा वेगळा चालू आहे, आणि बहिणींच्या दाव्यात आम्ही प्रतिवादी आहोत, तो आणखी वेगळा.

अर्ज दाखल झाल्यावर एजंटचा स्वतःहून फोन आला. आवाजात मध. "वहिनी, कोर्टकचेऱ्यांत काय मिळणार? पलीकडच्या गावात आपली नवी साईट आहे, बदली प्लॉट देतो. फक्त दोन लाख वर भरा आणि तो अर्ज मागे घ्या." आमच्यातल्या दोघांनी भरले. मी गट नंबर विचारून घेतला आणि सातबारा काढला. भोगवटादार वर्ग दोन. सरकारने कधीकाळी शर्तीवर दिलेली जमीन, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय मूळ मालकालाही विकता येत नाही अशी. त्या दोघांना तो सातबारा पाठवला. एकाने चेक थांबवला, दुसऱ्याचा त्याच सकाळी वटला होता.