ग्नू नेम सिस्टिम: किचकट आहे, पण नावांचा घोळ लपवत नाही

लिनक्सवर ग्नूनेट या विकेंद्रित नेटवर्क सॉफ्टवेअरमधली जीएनएस (ग्नू नेम सिस्टिम) वापरतोय. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या नेहमीच्या डीएनएसला हा पर्याय. नावं विकणारा रजिस्ट्रार नाही, वार्षिक फी नाही. आपली क्रिप्टोग्राफिक किल्ली बनवायची आणि तिला हवं ते टोपणनाव द्यायचं. जगासाठी खरी ओळख ती किल्लीच, टोपणनाव फक्त आपल्या मशीनपुरतं.

गंमत म्हणून एका झोनला (अशा एका किल्लीखालच्या नावांच्या संचाला) 'डेव्ह' नाव दिलं. डॉट डेव्ह हे गूगलकडचं खरंखुरं टॉप लेव्हल डोमेन, म्हणजे डॉट कॉमसारखा नावाचा शेवटचा भाग. नावं आधी कुठे शोधायची ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलीत 'जीएनएस' हा शब्द 'डीएनएस'च्या आधी, त्यामुळे माझा झोन जिंकला आणि डॉट डेव्हच्या साइट्स माझ्यापुरत्या गायब! शेजारच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत.

यावरचा तोडगा म्हणजे डॉट आल्ट. २०२३ च्या आरएफसी ९४७६ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने हे नाव डीएनएसबाहेरच्या व्यवस्थांसाठी राखून ठेवलं. डीएनएसच्या रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या यादीत, ते येणार नाही. जीएनएसने त्याखाली 'जीएनएस डॉट आल्ट' घेतलंय. पण आल्टच्या आत कोण काय घेतंय याची नोंद आयाना (इंटरनेटवरच्या नावांच्या अधिकृत नोंदी ठेवणारी संस्था) ठेवत नाही, म्हणजे तिथली भांडणं आपसातच मिटवायची.

तरी हे ब्लॉकचेनवाल्यांपेक्षा बरं. एमरकॉइन या ब्लॉकचेनकडे डॉट कॉइन आधीपासून होतं, म्हणून ब्लॉकचेनवरची नावं विकणाऱ्या अनस्टॉपेबल डोमेन्स कंपनीला २०२२ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. नावात म्हणे 'अनस्टॉपेबल'!

टर्मिनलची सवय नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. असेल तर आधी व्हर्च्युअल मशीनवर टाका, कारण एनएसस्विच बिघडली तर अख्खं ब्राउझिंग बसतं. पाचपैकी साडेतीन.