काल चालत होतं, आज का नाही? फ्रीपीबीएक्स की हाताने लिहिलेलं ॲस्टरिस्क

ऑफिसातला जुना ईपीएबीएक्स भिंतीवरून उतरवायचा आणि फोन सर्व्हरवर घ्यायचे, एवढं ठरलेलं असलं की पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे फ्रीपीबीएक्स: ब्राउझर उघडा, रकाने भरा, बदल लागू करणारं लाल बटण दाबा. दुसरी म्हणजे नुसतं ॲस्टरिस्क, म्हणजे फोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर, घेऊन त्याच्या मजकुराच्या फायली स्वतः लिहायच्या. सिप (नेटवर्कवरून कॉल जोडायची भाषा) आणि ट्रंक (फोन कंपनीकडून येणारी लाइन) तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो.

आवाज कुणाचा चांगला, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. मार्क स्पेन्सरने १९९९मध्ये सुरू केलेलं ॲस्टरिस्कच दोन्हीकडे आत चालतं. फ्रीपीबीएक्स हा त्याच्यावर बसवलेला दर्शनी भाग. २०१८पासून तर दोन्ही प्रकल्प कॅनडातल्या सँगोमा या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. फरक आहे तो मांडणी करताना, आणि त्याहून जास्त काहीतरी बिघडल्यावर.

मी दोन्ही सांभाळतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे २६ एक्स्टेन्शनचं फ्रीपीबीएक्स आहे, आणि त्यांच्याच सांगलीच्या शाखेत ११ एक्स्टेन्शनचं हाताने लिहिलेलं ॲस्टरिस्क. एकाच मालकाची दोन ऑफिसं असल्यामुळे तुलना आपोआप होत राहते.

पहिल्या दिवसापुरतं बोलायचं तर फ्रीपीबीएक्सला तोड नाही. शिरोलीला दुपारी जेवून बसलो आणि संध्याकाळच्या चहाला रिसेप्शनचा फोन वाजला. सगळी एक्स्टेन्शनं एका सीएसव्ही फाईलमधून एकदम चढवता येतात. नॅटची (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्याआड ठेवणाऱ्या व्यवस्थेची) माहिती भरायला ‘नेटवर्क ओळख’ असं एक बटण आहे. ते दाबलं की बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क ते स्वतः भरतं. हे बटण किती उपकार करतं हे ज्याने ते तीन पत्ते हाताने चुकवले आहेत त्यालाच कळेल. बाहेरचा पत्ता दिला नाही तर आपला सर्व्हर समोरच्याला सांगतो, आवाज १९२.१६८ वाल्या आतल्या पत्त्यावर पाठव. तो बिचारा पाठवतो, आणि आवाज वाटेत कुठेतरी नाहीसा होतो. आपलं त्यांना ऐकू जातं, त्यांचं आपल्याला येत नाही.

एक गोष्ट मात्र ते बटणही सांगत नाही. आमच्याकडे कंपनीची ट्रंक इंटरनेटवरून न येता वेगळ्या तारेवर, खासगी पत्त्यावर आली. अशी ट्रंक असेल तर तिचं नेटवर्कही ‘आतल्या’ यादीत घालावं लागतं. नाहीतर सर्व्हर तिलाही बाहेरचा पत्ता सांगून बसतो आणि पुन्हा तोच एकतर्फी आवाज. हे दोन्ही वाटांवर सारखंच आहे.

सांगलीला मला चार संध्याकाळी लागल्या. सिप सांभाळणारा जुना भाग, चॅन-सिप, ॲस्टरिस्क २१मध्ये काढून टाकला आहे, त्यामुळे आता त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपला पर्याय नाही, आणि पीजेसिपमध्ये एका हँडसेटसाठी तीन तुकडे लिहावे लागतात: एंडपॉइंट (फोनची मांडणी), ऑथ (पासवर्ड) आणि एओआर (फोन कुठे सापडेल तो पत्ता). ११ फोन म्हणजे ३३ तुकडे. टेम्प्लेट (सामाईक ओळी एकदाच लिहायची सोय) वापरलं की प्रत्येक तुकडा दोन-तीन ओळींवर येतो. पण टेम्प्लेट वापरायचं असतं हे मला तिसऱ्या संध्याकाळी सुचलं. शिवाय बाहेरचा पत्ता बदलून नुसतं रीलोड केलं तर काहीच बदलत नाही, कारण ट्रान्सपोर्टचा भाग, जिथे हे पत्ते लिहिलेले असतात, मुळात रीलोडला दाद देत नाही, रीस्टार्ट करावं लागतं. तासभर मी बरोबर लिहिलेलं पुन्हापुन्हा दुरुस्त करत होतो.

इथपर्यंत वाचून कुणीही फ्रीपीबीएक्स घेईल. मीही घेतलंच होतं.

आता शिरोलीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. सकाळी दहाला फोन आला, “साहेब, गिऱ्हाईक म्हणतंय रिंग जाते, पण आपल्याकडे एक पण फोन वाजत नाही.” पहिला संशय ट्रंकवर, तो रिवाजच आहे. कंपनीकडे तक्रार नोंदवली, राउटर बंद-चालू केला, स्विचच्या तारा हलवल्या. मग एसएनग्रेप लावून पाहिलं. सिपचे निरोप कुठून कुठे गेले हे ते शिडीसारखं काढून दाखवतं. कॉल व्यवस्थित येत होते. म्हणजे दोष आपल्या घरातच.

मग लॉग उघडला. हाताने लिहिलेल्या डायलप्लॅनमध्ये (कुठला कॉल कुठे न्यायचा त्या नियमांमध्ये) २०१ने २०४ला फोन केला की चार-पाच ओळी दिसतात, आणि त्या ओळी आपण लिहिलेल्याच असतात. पडद्यावरून बनवलेल्या डायलप्लॅनमध्ये तोच कॉल पानंच्या पानं खातो. कॉलर आयडी तपासा, फॉरवर्ड आहे का बघा, रेकॉर्डिंग हवं का बघा, व्हॉइसमेल आहे का बघा. सगळं रास्त आहे, कुणाला ना कुणाला ते लागतंच. पण त्या गर्दीत आपल्या कामाची ओळ शोधणं म्हणजे लग्नाच्या मांडवात हरवलेली चप्पल शोधणं.

शेवटी चप्पल सापडली. ओळीत २१९ होतं. २१९ म्हणजे गेटवरची वॉचमनची केबिन. सुट्टीत कुणीतरी रिंग ग्रुपमधली (बाहेरचा कॉल आला की वाजणाऱ्या फोनांच्या यादीतली) सगळी नावं काढून एकटं २१९ ठेवलं होतं, म्हणजे सुट्टीतले फोन वॉचमन घेईल. विचार चांगलाच होता. पण परत पूर्ववत करायचं राहिलं. वॉचमन रात्रपाळी संपवून घरी गेला, केबिनला कुलूप, आणि त्या कुलूपबंद केबिनमध्ये सकाळपासून जिल्हाभरातली गिऱ्हाइकं वाजत होती.

हसून सोडून देण्यासारखंच होतं. चूक कुणाच्याही हातून होते, आणि पासवर्ड चार जणांकडे होता हा दोष आमचा. माझं मन फिरलं ते पुढच्या दहा मिनिटांत. मी विचारलं, “आधी यादीत कोणकोण होतं? आधी कुणाचा वाजायचा?” कुणालाच सांगता येईना. काउंटरचा आधी की स्टोअरचा, वीस सेकंद की तीस? बॅकअप होता, पण तो अख्खा परत घालणं परवडणारं नव्हतं. तसा घातला असता तर मधल्या पंधरा दिवसांत जोडलेली तीन नवी एक्स्टेन्शनं गेली असती. मी ती यादी लोकांना विचारून, अंदाजाने पुन्हा भरली. आजही ती पहिल्यासारखी आहे का, मला माहीत नाही.

फोनची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात येते: “काल चालत होतं.” मग खरा प्रश्न एवढाच उरतो की कालपासून बदललं काय. माझ्यापुरता मी निर्णय त्या दिवशी घेतला, आणि सांगलीची शाखा उघडली तेव्हा सगळ्या फायली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवल्या.

सांगलीत पहिली मोठी तक्रार गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आली. मिरजेच्या गोदामातल्या फोनवर बाहेरचा आवाज येत नव्हता. मी लॉग उघडलाच नाही. कालचं आणि आजचं शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. एका ओळीसमोर वजाचं चिन्ह होतं: टेम्प्लेटमधलं ‘डायरेक्ट मीडिया नको’ काढून टाकलेलं. ही ओळ नसली की ॲस्टरिस्क मूळ सवयीवर जातं, स्वतः बाजूला होऊन दोन टोकांना परस्पर बोलायला लावतं, आणि नॅटच्या पलीकडचा फोन तिथेच अडकतो. बदल कुणी केला तेही लिहिलेलं होतं: मीच, रात्री ११:४०, शेरा ‘टेम्प्लेट साफ केलं’. ओळ परत घातली. सगळं मिळून सहा मिनिटं. लाज वाटली ते वेगळं.

फ्रीपीबीएक्सवाल्यांसाठी एक मधला मार्ग आहे, तो मला नंतर सुचला. पडद्यावर भरलेलं सगळं मारियाडीबी या डेटाबेसमध्ये साठतं खरं, पण लाल बटण दाबलं की त्यातून शेवटी ॲस्टरिस्कच्या साध्या मजकुराच्या फायलीच तयार होतात. तो फोल्डर रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) गिटमध्ये टाका. फोनचे पासवर्डही त्यातच असतात, तेव्हा तो साठा आपल्याच मशीनवर ठेवा. शिरोलीत मी आता हेच करतो, आणि काय बदललं ते कळतं. का बदललं ते मात्र कळत नाही, कारण ती फाईल यंत्राने लिहिलेली असते. तिच्या वरच ताकीद असते की हात लावू नका, पुढच्या वेळी पुसलं जाईल. आपली भर घालायची असेल तर ‘कस्टम’ नावाच्या वेगळ्या फायली दिल्या आहेत, तिथेच घालावी. सांगलीत प्रत्येक बदलाशेजारी मराठीत एक ओळ असते: ‘पाटील रजेवर, शुक्रवारपर्यंत फोन काउंटरकडे’. सहा महिन्यांनी तीच ओळ उपयोगी पडते.

तरी तुम्ही माझंच ऐका असं मी म्हणणार नाही. मालकांची मुलगी शिरोलीत स्वागताचा संदेश स्वतः बदलते, सणाला वेगळा लावते, नवीन माणूस आला की एक्स्टेन्शन देते. ती मला फोन करत नाही, आणि करू नये. तिच्या हातात मी मजकुराच्या फायली दिल्या तर स्वल्पविरामापायी रोज मलाच बोलावणं येईल. सायबर हल्ल्यांचंही तसंच. फ्रीपीबीएक्समध्ये फायरवॉल आणि चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला बाहेर ठेवणारी व्यवस्था हाताशी तयार असते. सांगलीत ती मला फेलटूबॅन बसवून स्वतः उभी करावी लागली. इंटरनेटकडे सिपचं ५०६० पोर्ट उघडं ठेवून हे काम उद्यावर ढकललंत तर उद्याच्या आधीच पाहुणे येतात. आणि तुम्ही गाव सोडून गेलात तर? फ्रीपीबीएक्स सांभाळणारा दुसरा माणूस कोल्हापुरात मिळतो. माझा डायलप्लॅन वाचणारा मिळेल, पण त्याला आधी एक दिवस बसून तो वाचावा लागेल.

म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी विचारतो, रोजचे बदल कोण करणार? चार जण करणार असतील तर पडदा घ्या, आणि रात्रीचं गिट लावून द्या. एकटेच करणार असाल, आणि चार संध्याकाळी हाताशी असतील, तर फायली लिहा. सुरुवातीला गेलेला वेळ पहिल्याच ‘काल चालत होतं’ला बराचसा वसूल होतो. निदान माझा झाला.

शिरोलीचा पासवर्ड आता दोघांकडेच आहे. २१९ रिंग ग्रुपमध्ये नाही. वॉचमनला मात्र वाटतं की त्याचा फोन बिघडलाय, दोनदा विचारून गेला.