‘सांगू इच्छित नाही’ : सर्वेक्षण ॲपचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रश्नांची उत्तरे देऊन गुण मिळवायचे हे ॲप कसे चालते, हे बहुतेकांना ठाऊक असल्याने त्या तपशिलात शिरत नाही. लिहिण्याचे निमित्त गेल्या आठवड्यातील एका सर्वेक्षणाचे आहे. वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, झोपेचे तास, बद्धकोष्ठतेचा त्रास आणि घरातील मोठे निर्णय कोण घेते (‘दोघे मिळून’ हा पर्याय जोडीदारासमोर निवडला), एवढे सगळे सांगून झाल्यावर मासिक उत्पन्नाचा प्रश्न आला. तिथे ‘सांगू इच्छित नाही’ या पर्यायावर बोट ठेवताच ‘आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही, धन्यवाद’ असा निरोप झळकला. गुण शून्य, माझ्या पोटाची माहिती मात्र त्यांच्याकडे जमा.

तक्रार केली, तेव्हा उत्तरादाखल आणखी एक सर्वेक्षण आले : ‘आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?’

नाजूक प्रश्न शेवटी विचारावेत, म्हणजे लोक मध्येच उठून जात नाहीत, हा या व्यवसायातला जुना संकेत आहे आणि तो मला मान्यही आहे. पण ज्या उत्तरावरून माणसाला बाहेर काढायचे, ते त्याचा सगळा वेळ घेऊन झाल्यावर विचारणे ही शुद्ध फुकटेगिरी आहे. शिवाय माझ्या उत्पन्नाची चौकशी करण्यापूर्वी त्यांनी स्वतः देत असलेल्या मोबदल्याकडे एकदा पाहावे.

एका बाबतीत मात्र माझे मत बदलले. ‘या ओळीसाठी पूर्णपणे असहमत निवडा’ ही सूचना सुरुवातीला अपमानास्पद वाटे. न वाचता उत्तरे ठोकणाऱ्यांना गाळण्यासाठी ती असते, हे कळल्यावर राग गेला. मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेल्या सहमती-असहमतीच्या मोजपट्टीशीही आता जुळते, फक्त ‘मी सहसा आनंदी असतो’ याचे उत्तर वीजबिल येण्यापूर्वी द्यावे लागते.

खरे तर नाजूक प्रश्नांना उत्तर देताना वाटणाऱ्या संकोचावर उपाय फार पूर्वीच निघाला आहे. संशोधक वॉर्नर यांनी 1965 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत कोणत्या विधानाला ‘हो’ वा ‘नाही’ म्हणायचे ते उत्तर देणाऱ्याच्या हातातील फिरता काटा ठरवतो आणि तो कुठे थांबला हे विचारणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे एकेकट्याचे गुपित राहते, तरी काटा कोणत्या विधानावर थांबण्याची शक्यता किती हे आधीच ठाऊक असल्याने एकूण प्रमाणाचा अंदाज बांधता येतो. ॲपमध्ये फिरते चक्र आहे, पण ते बोनस गुणांसाठी.

दोन तारे देत आहे. गुण वटवण्याच्या किमान मर्यादेला थोडेच कमी पडत असल्यामुळे ॲप तूर्त काढलेले नाही.