शिको बुआर्केची १९७८ ची एलपी: ‘कालिसी’साठी तरी घ्याच

शिको बुआर्के या ब्राझीलच्या गायक-गीतकाराची ही रेकॉर्ड गेल्या महिन्यात सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून पहिल्या बाजूचं दुसरं गाणं किती वेळा लावलं त्याला गणतीच नाही. ‘कालिसी’ म्हणजे पोर्तुगीजमधे चर्चमधला वाइनचा पेला, पण तोच उच्चार दोन शब्दांत तोडून लिहिला की अर्थ होतो ‘गप्प बस’. मला हे कुठून कळणार, मडगावच्या मावशीआजीला फोनवर गाणं ऐकवलं, ती पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळात शाळेत पोर्तुगीज शिकलेली, ऐकलं आणि म्हणाली, अरे हा नुसती प्रार्थना नाही करत, तोंड दाबलंय म्हणून सांगतोय.

शिको आणि तिथलाच दुसरा गायक जिल्बेर्तो जिल यांनी हे १९७३ मधे मिळून लिहिलं. ब्राझीलमधे लष्कराची राजवट, सेन्सॉरने शब्दच नाकारले. तरी मे महिन्यात साओ पावलोला फोनो ७३ फेस्टिवलमधे दोघं स्टेजवर गेले, चाल तीच, शब्दांच्या जागी काहीतरी पुटपुटायचं आणि मधेमधे तेवढा एक शब्द, तर त्यांचे माइकच एकेक करून बंद केले गेले! रेकॉर्ड निघायला १९७८ उजाडलं. तोवर जिल दुसऱ्या कंपनीकडे चाललेला, म्हणून त्याची कडवी इथे मिल्टन नासिमेंतो गातो, आणि काय गातो, आवाज वर चढतो तेव्हा पोटात कालवतं.

हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला कोरस येशूची विनवणी गातो, बापा हा पेला माझ्यापासून दूर कर. शेवटच्या कडव्यात मात्र तेच लोक एकेका ओळीवर ओरडतात, कालिसी! आणि गाणारा पुढची ओळ घेतोच. दर वेळी काटा येतो अंगावर.

बाकी गाणीही छान आहेत, पहिलं तर मित्र जेवायला येतायत म्हणून राजम्यासारख्या फेजोआदाची तयारी, एकदम मजेत. सगळ्यात शेवटी ‘आपेजार जी वोसे’, म्हणजे ‘तू असूनही’, हा ‘तू’ म्हणजे लष्करी राजवट, १९७० ला ते आधी सुटलं, धडाधड खपलं, मग अर्थ लक्षात आल्यावर बंदी घालून फॅक्टरीतल्या रेकॉर्डस् फोडल्या. ते इथे पुन्हा अख्खं आहे.

तक्रार विकणाऱ्याबद्दल. ‘नव्यासारखी’ म्हणून २,८०० घेतले, पहिल्या गाण्यात चांगली खरखर आहे आणि आत गाण्यांच्या शब्दांचा कागद नव्हता. मग मावशीआजीनेच चार वेळा ऐकून ‘कालिसी’ वहीच्या पानावर उतरवून पाठवलं, ते पान आता कव्हरमधे ठेवलंय.