वादातला समुद्र: लवाद की निम्मी-निम्मी वाटणी?

समुद्राखालच्या तेल-वायूवरून दोन शेजारी अडले, की एक तर लवाद गाठायचा, नाहीतर मिळून उपसा करायचा.

भारत-बांगलादेशाच्या सागरी हद्दीच्या वादाचा निकाल हेगच्या लवादाने जुलै 2014 मध्ये दिला. वादातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटरपैकी जवळपास 19,500 बांगलादेशाला मिळाले. भारताने तो मानला, हे मला फार मोलाचं वाटतं. एवढं पदरात पडूनही ढाक्यात विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं ते भारताच्या बाजूला गेलेल्या दक्षिण तालपट्टीवरून. हे बेट, आपलं न्यू मूर, केव्हाच पाण्याखाली गेलं होतं.

थायलंड-मलेशियाचं घोडं को लोसिन या जेमतेम दीपगृह मावेल एवढ्या खडकावर अडलं होतं. तो हद्द आखताना धरायचा की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवून 1979 मध्ये त्यांनी मिळून उपसा करून अर्धा-अर्धा वाटा घ्यायचं ठरवलं. शेजाऱ्यांत थोडा जरी विश्वास असेल, तर मी हीच वाट निवडेन. पण वायू निघायला 2005 उजाडलं. त्याआधी किनाऱ्यावरच्या गावांनी पाइपलाइनला विरोध केला. डिसेंबर 2002 मध्ये दक्षिण थायलंडमधल्या हात याई शहरात पोलिसांनी त्या आंदोलकांना झोडपलं. सरकारांचं आपसांत जमलं, मच्छीमारांशी कुणी धड बोललंच नाही.