डेल्टा ब्लूज म्युझियम, क्लार्क्सडेल: पाच स्टार, आणि आमच्या घरातलं न मिटलेलं भांडण

आधी स्टार सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. म्युझियमला (अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं) पाचपैकी पाच. मेम्फिसच्या बील स्ट्रीटला तीन. आम्ही राहिलो त्या मोटेलला दीड, त्यातला एक तिथल्या मांजरीचा.

आता सविस्तर. मी मूळचा मिरजेचा, बरीच वर्षं शिकागोच्या सबर्बात. आमच्या घरात गेलं वर्षभर एकच वाद चालू आहे की ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्याचं, खरं घर कुठलं. चिरंजीव सोळा वर्षांचे, इलेक्ट्रिक गिटार वाजवतात, त्यांच्या मते शिकागो, विषय संपला. माझ्या ऑफिसात एक मेम्फिसचा माणूस आहे, तो दर वेळी तेच सांगतो की बाबा रे, अमेरिकेच्या काँग्रेसने १९७७ साली बील स्ट्रीटला 'होम ऑफ द ब्लूज' असं अधिकृत जाहीर केलंय, कागद आहे आमच्याकडे. मुंबईतला मेहुणा तर २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला ब्लूजवाला बडी गाय ऐकून आलेला, त्यामुळे त्याला वाटतं वांद्र्यालाही थोडा हिस्सा मिळावा. म्हणलं चला, जाऊन बघून येऊ. पहाटे निघालो, सोबत भडंग, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण बायको शाकाहारी आणि आम्ही चाललेलो रिब्ज आणि बार्बेक्यूच्या मुलखात.

शिकागोहून मेम्फिस साधारण सव्वापाचशे मैल. संध्याकाळी पोचलो, बील स्ट्रीटवर गेलो. दिवे, निऑन, गर्दी, सगळं झकपक. डब्ल्यू. सी. हँडीचा पुतळा आहे त्याच्याच नावाच्या पार्कमध्ये, हातात कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य). १९१२ साली 'मेम्फिस ब्लूज' छापून ब्लूजला कागदावर आणणारा हा माणूस, म्हणून मेम्फिसवाले त्याला ब्लूजचा बाप म्हणतात. तिथल्या एका क्लबात (नाव देत नाही) कव्हर चार्ज देऊन आत गेलो तर बँड लग्नात वाजवतात तसली हिट गाणी वाजवत होता आणि स्पीकर इतका फाटलेला की गिटार आणि मिक्सर यात फरक कळेना. बायको म्हणाली, यापेक्षा गणपतीतला डीजे बरा. मेम्फिसवर यामुळे अन्याय करू नये हे मला कळतं. डब्ल्यूडीआयए रेडिओ तिथलाच, ब्लूजचा मोठा गायक-गिटारवाला बी. बी. किंग तिथेच डीजे होता आणि 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय'चं लहान होत होत ते 'बी. बी.' झालं. हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाला १९५१ साली पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेही मेम्फिसच्याच सॅम फिलिप्स या स्टुडिओवाल्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी साउथ मेन स्ट्रीटवरचं ब्लूज हॉल ऑफ फेम बघितलं, छोटं आहे पण नेटकं, आणि समोरच लोरेन मोटेल, जिथे मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. तिथून निघाल्यावर गाडीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

पण हँडीचं बघा. मेम्फिसचा मुख्य साक्षीदार तो, आणि नेमका तोच फितूर निघतो. कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास तो मिसिसिपीत क्लार्क्सडेलला बँड चालवत होता, आणि जवळच्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना एक फाटक्या कपड्यातला माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासून काहीतरी विचित्र वाजवत, गात बसलेला त्याला दिसला. आणि गात काय होता, तर जिथे दोन रेल्वे लाइनी एकमेकींना कापतात तिथे चाललोय. मी मिरज जंक्शनचा माणूस, लहानपणी आमच्याकडे ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होत्या, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर ऐकलेलं गाणं आयुष्यभर डोक्यातून जात नाही हे मला कोणी पटवून द्यायला नको. म्हणजे मेम्फिसच्या बापाला हे बाळ सापडलं क्लार्क्सडेलच्या शेजारी!

तर मग हायवे ६१ ने खाली. थोडा वेळ गाडी चालवल्यावर जमीन एकदम ताटासारखी सपाट होते, दोन्ही बाजूला शेतं, डोळ्याला अडेल असं काही नाही, हाच तो मिसिसिपीचा डेल्टा. क्लार्क्सडेल हे जेमतेम पंधरा हजार वस्तीचं गाव, बरीच दुकानं बंद, भिंतींचा रंग उडालेला, आणि मधेच निळ्या पाट्या, मिसिसिपी ब्लूज ट्रेलच्या, कोण कुठे जन्मला, कोण कुठे वाजवायचा. आपल्याकडे असल्या गावात चौकात पुतळा असतो आणि खाली कबुतरं, इथे निदान वाचायला दोन परिच्छेद तरी आहेत.

म्युझियम १९१८ च्या रेल्वे मालधक्क्यात आहे. १९७९ साली गावच्या सार्वजनिक वाचनालयाने सुरू केलं आणि १९९९ पासून ते इथे. ही गोष्ट मला फार आवडली, सरकारने नाही, कुठल्या रेकॉर्ड कंपनीने नाही, वाचनालयाने! आत गिटारी, हार्मोनिका, पोस्टर, कपडे वगैरे जे असतं ते आहेच, त्यावर वेळ घालवत नाही. खरा माल म्हणजे मडी वॉटर्स या ब्लूज गायकाची खोपटी. स्टोव्हॉल प्लँटेशनवर (म्हणजे कापसाच्या मोठ्या मळ्यावर) तो ज्या लाकडी घरात राहायचा त्याचं जे उरलंय ते आणून आत उभं केलंय, आत त्याचा पुतळा बसवलाय. मधली काही वर्षं हे घर सुटं करून अमेरिकाभर फिरवत होते, म्हणजे घरालाही दौरे चुकले नाहीत. १९४१ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन स्टोव्हॉलला आला, ट्रॅक्टर चालवणाऱ्या या माणसाचं गाणं त्याने रेकॉर्ड केलं आणि मडीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. दोन वर्षांनी, १९४३ ला, तो गाडीत बसून शिकागोला गेला. मी त्या फळ्यांकडे बघत उभा होतो, फटींतून उजेड आरपार, आणि मला आमच्या मळ्यातली गड्याची खोली आठवली, तिलाही अशाच फटी होत्या.

आणि मग ती गिटार. या घराची एक फळी झी झी टॉप बँडच्या बिली गिबन्सला मिळाली, त्याने तिची गिटार करून घेतली आणि म्युझियमला दिली, तिचं नाव मडीवुड. पांढरी गिटार, अंगावर मिसिसिपी नदीची निळी रेघ. मी ज्या गावात वाढलो तिथे गल्लीभर लोक भोपळ्यापासून तंबोरे आणि सतारी करतात, त्यामुळे घराच्या लाकडाचं वाद्य केलं याचं मला जे वाटलं ते कुठल्याच पोस्टरचं वाटलं नाही. आता गंमत ऐका, लाकूड क्लार्क्सडेलचं, गिटार बनवली मेम्फिसच्या कारागिरांनी, आणि नाव ज्याचं त्याने नाव कमावलं शिकागोला. पोरगा म्हणाला, बाबा, हे घ्या, तिघांनाही वाटून दिलं. म्हणलं गप रे.

गावाबाहेर हॉप्सन प्लँटेशन आहे, ते म्युझियमइतकंच बघण्यासारखं आहे असं माझं मत. २ ऑक्टोबर १९४४ ला (तारीख बघा, गांधी जयंती!) इथे कापूस वेचणाऱ्या मशीनचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, हजारो लोक बघायला जमलेले. हाताने एक गाठ कापूस वेचायला ३९ डॉलरच्या वर खर्च यायचा, मशीनने सव्वापाच डॉलरच्या आसपास, एक मशीन पन्नास माणसांचं काम करायचं. लोक तर आधीपासूनच जात होते, वर्णद्वेषाला आणि कर्जाला कंटाळून, पण यानंतर थांबायला कारणच उरलं नाही. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत साठेक लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेतून बाहेर पडले, आणि डेल्टातल्या लोकांसाठी इलिनॉय सेंट्रल रेल्वे सरळ शिकागोला जायची. मशीन बनवणारी कंपनी इंटरनॅशनल हार्वेस्टर, तिचं मुख्यालय कुठे? शिकागोला. म्हणजे ज्या शहराने इथली रोजी घेतली त्याच शहरात रोजी शोधायला लोक गेले. विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यातून पुण्या-मुंबईला आलेल्या कोणाला हे सांगा, तो पुढचं न ऐकताच मान हलवेल.

हायवे ६१ आणि ४९ च्या नाक्यावर खांबावर निळ्या गिटारी लावल्यात, रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने इथे सैतानाला आत्मा विकून गिटारचं कसब मिळवलं अशी दंतकथा. फोटो काढा आणि पुढे चला, कारण ही गोष्ट आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगायचे आणि नाका नेमका कुठला यावरही गावागावांत भांडणं आहेत. रिव्हरसाइड हॉटेलपाशी मात्र थांबा. तेव्हा ते कृष्णवर्णीयांचं हॉस्पिटल होतं, १९३७ च्या सप्टेंबरात हायवे ६१ वर गाडीला अपघात झाल्यावर ब्लूज गायिका बेसी स्मिथ इथेच गेली. त्याच्या पुढच्याच महिन्यात आपले अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासच्या बाजूला प्रवासातच एका रेल्वे स्टेशनवर गेले. मला हे तिथे उभं असताना सुचलं आणि उगाच गलबलून आलं.

खाँसाहेब निघाले म्हणून तो विषय निघाला आणि मी अडकलो. मी म्हणलं, ठरलं, घर क्लार्क्सडेलच. बायको म्हणाली, अहो थांबा. किराणा घराणं उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचं, पण तुम्ही लोक सांगता काय, तर मिरजेचं, कारण खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्यात त्यांच्या नावाने उत्सव होतो. कैरान्याला कोण जातंय? मग तुमच्याच हिशोबाने मडी वॉटर्स शिकागोचाच की! च्यायला. मिरजेच्या माणसाला मिरजेनेच पाडलं. पोरगा मागच्या सीटवर टाळ्या वाजवायला लागला.

पोराचा मुद्दा तसा खोटा नाही. शिकागोच्या बारमधल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच यायची नाही म्हणून मडीने इलेक्ट्रिक घेतली, ड्रम आले, ॲम्प्लिफायरमधून हार्मोनिका आली, तिथल्याच चेस रेकॉर्ड्स कंपनीने ते जगभर पाठवलं आणि तिकडे इंग्लंडात पोरांनी मडीच्या गाण्यावरून बँडचं नाव रोलिंग स्टोन्स ठेवलं. १९६४ ला हे स्टोन्स २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यूला चेसच्या स्टुडिओत येऊन रेकॉर्ड करून गेले. ती बिल्डिंग आजही आहे, विली डिक्सनच्या नावाची संस्था ती सांभाळते, आम्ही पूर्वी बघितलीये. शिकागोचा ब्लूज फेस्टिव्हलही १९८४ पासून चालू आहे, फुकट. हे सगळं मान्य. पण मग 'स्वीट होम शिकागो' रेकॉर्ड करणारा रॉबर्ट जॉन्सन मिसिसिपीचा, रेकॉर्डिंग १९३६ ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत, याचं काय करायचं ते चिरंजीवांना विचारलं तर कानात हेडफोन.

रात्री गावातल्याच एका छोट्या ज्यूक जॉइंटमध्ये (दारू आणि गाण्याचा साधा अड्डा) गेलो. आठवड्याचे सातही दिवस कुठे ना कुठे लाइव्ह ब्लूज असतो असं हे गाव छातीठोक सांगतं. नट मॉर्गन फ्रीमनची भागीदारी असलेला ग्राउंड झीरो क्लब म्युझियमच्या बाजूलाच आहे, मोठा आहे, पण आम्हाला छोटी जागा हवी होती. लाल बल्ब, वेगवेगळ्या सेटमधल्या खुर्च्या, स्टेज असं नाहीच, वाजवणारा तुमच्या गुडघ्यापासून चार फुटांवर. साठी उलटलेला माणूस, बोटात काचेची नळी, आणि ती तारेवरून अशी घसरायची की मी बायकोला म्हणलं, ऐक, मींड आहे ही. गंधार तर कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी लटकलेला, आणि तो तिथून हलतच नव्हता. मग तो एका ओळीवर थांबला, तीच ओळ पुन्हा, मग उत्तर. शेतात भलरी म्हणताना एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे उचलतात ना, तसं. फक्त इथे उत्तर द्यायला माणसं नव्हती, गिटारच देत होती. चिरंजीवांनी हेडफोन खिशात टाकला तो टाकलाच. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला की शिकागोत हे ॲम्पमधून ऐकलंय, पण हे त्याच्या आधीचं आहे. वाद हरला असं काही तो अजून म्हणालेला नाही.

माझं मत विचाराल तर क्लार्क्सडेल, बायकोचा मुद्दा मान्य करूनही. कैरान्यात जाऊन त्या गाण्याच्या खुणा शोधाव्या लागतात, इथे शनिवारी रात्री दार ढकललं की गाणं समोर बसलेलं असतं. शिकागोला मी ब्लूजचं सासर म्हणेन, तिथे या पोरीने घर भरलं, नाव काढलं, सगळं केलं. मेम्फिस म्हणजे वाटेतला मामा, ज्याच्याकडे सगळे मुक्काम करतात आणि जो नंतर सगळ्यांना सांगत फिरतो की पोर आमच्याकडेच वाढली.

जाणार असाल तर म्युझियमला दोन-अडीच तास ठेवा आणि निघायच्या आधी वेळा बघून घ्या, रविवारच्या भरवशावर जाऊ नका. उन्हाळ्यात डास आणि उकाडा कोकणाला लाजवेल असा. हॉट टमाले नावाचा तिथला पदार्थ सगळीकडे मिळतो, मक्याच्या पिठाची पानगी समजा, फक्त आत पोर्क-बीफ काहीतरी असतं, तेव्हा शाकाहारी लोकांनी विचारून घ्या, आमच्या घरी भडंग जेवणाला पुरला. वेळ असेल तर अजून तासभर खाली इंडियनोलाला बी. बी. किंग म्युझियम आहे, त्याची समाधीही तिथेच, आमचं राहिलं. आणि मोटेल आधी नीट चौकशी करून घ्या, आमच्या खोलीत एसीचं पाणी रात्रभर उशीवर टपकत होतं, मॅनेजरला सांगितलं तर त्याने बादली आणून दिली.

मांजर मात्र झकास.